घटवणीचं अकरावं भूमिपूजन

यंत्रानं घटवणीला शंभरापैकी चौऱ्याण्णव मार्क दिले आणि तेवढ्यासाठीच नापास केलं.

निकाल आला तेव्हा काजू फॅक्टरीत सकाळची पाळी नुकती सुरू झाली होती. साठ बाया ओळीनं बसून काजूगर सोलत होत्या. हात चालू होते आणि हातांपेक्षा तोंडं जोरात चालू होती. फॅक्टरी चालवणाऱ्या संस्थेच्या प्रमुख सुगंधाबाई गावडेंचा फोन वाजला, त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि "चौऱ्याण्णव!" असं ओरडल्याच. बायांनी टाळ्या वाजवल्या. एकीनं तर पेढ्यांसाठी आजऱ्याला कोण जाणार तेही ठरवून टाकलं. मग सुगंधाबाईंनी दुसरी ओळ वाचली. 'अतिरिक्तता सिद्ध होत नाही. अर्ज फेटाळण्यात येत आहे.'

"म्हंजे काय वो अक्का?"

"म्हंजे बोंबला," अक्का म्हणाल्या आणि काजूच्या पोत्यावर बसल्या.

आता, चौऱ्याण्णव मार्क मिळवणं हा गुन्हा कसा, हे कळायचं तर थोडं सविस्तर सांगायला हवं. जगात कुठंतरी एखादा कारखाना धूर सोडतो. तो त्याला लगेच थांबवता येत नाही. मग तो दुसऱ्या कुणाला तरी पैसे देतो आणि म्हणतो, बाबा रे, माझ्या वाटणीचा धूर तू कमी कर. त्याचा जो दाखला मिळतो, तो कार्बन क्रेडिट. सगळी गंमत एका अटीत आहे. त्या पैशामुळेच धूर कमी झाला पाहिजे. तुम्ही ते काम तसंही करणारच होतात, तर पैसे घेऊन तुम्ही आभाळासाठी काहीच केलं नाही, उलट त्या कारखान्याला फुकटचा परवाना मिळाला. या अटीला म्हणतात अतिरिक्तता.

आणि या अटीला सगळ्यात जास्त टोप्या घातल्या त्या जलविद्युत प्रकल्पांनी. धरणाला मंजुरी मिळालेली, भिंत उभी राहिलेली, जनित्रं बोटीतून निघालेली, आणि मग कुणाला तरी आठवण व्हायची की अरे, क्रेडिटचा अर्ज राहिलाच की! मग जाडजूड अहवाल यायचा की क्रेडिट मिळालं नाही तर हा प्रकल्प होऊच शकत नाही. काहींनी तर तारांतून वीज वाहायला लागल्यावर हे लिहून दिलं होतं. शेवटी घेणाऱ्यांचा विश्वास उडाला आणि पाण्याच्या विजेचं क्रेडिट कुणी हातात धरेना.

तेव्हा पुण्याच्या पडताळणी मंडळानं यंत्र आणलं. कागदावर त्याचं नाव प्रतिवास्तव परीक्षक, पण सगळे त्याला 'जरतर' म्हणत. जरतर काय करी? पाऊस, बँकांचं व्याज, सिमेंटचे भाव, निवडणुका, उपग्रहाची छायाचित्रं, बातम्या, सरकारी पत्रं असं सगळं पोटात घेऊन ते आकड्यांची शंभर जगं तयार करी. प्रत्येक जगातून फक्त एक गोष्ट काढून टाकी, ती म्हणजे क्रेडिट. मग ती जगं दहा वर्षं पुढं चालवून बघायची, किती जगांत प्रकल्प तरीही उभा राहतो ते. वीस जगांपर्यंत चालतं. त्याच्या वर गेलात की तुम्ही तसंही बांधणारच होतात.

दोन हजार त्रेचाळीसपर्यंत जरतरनं भल्याभल्या धरणवाल्यांना घरी बसवलं होतं. सुगंधाबाईंनी तेव्हा बातम्या बघून त्याचं कौतुकही केलं होतं. आता त्याच जरतरनं सांगितलं होतं की शंभरातल्या चौऱ्याण्णव जगांत उंबरधोंडीच्या धबधब्यावर घटवणीचं टर्बाइन फिरतंय.

"आणि या आपल्या जगात काय फिरतंय?" सुगंधाबाई फणकाऱ्यानं म्हणाल्या. "डिझेलचं जनित्र!"

दुखणं तेच होतं. आजऱ्याच्या त्या डोंगरात पावसाळ्यात आठवड्यातून चार दिवस लाइन पडलेली असायची. सौर पॅनेल चार महिने ढगाखाली झोपायचे. फॅक्टरी चालायची ती डिझेलवर, आणि पुढच्या एप्रिलपासून डिझेल जनित्रावर बंदी येणार होती. उंबरधोंडीचं पाणी फक्त पाइपातून खाली आणायचं होतं. धरण नाही, भिंत नाही, कुणाचं घर बुडणार नाही. पण बँक म्हणत होती, आधी क्रेडिट आणा. क्रेडिट नाही तर टर्बाइन नाही, टर्बाइन नाही तर एप्रिलमध्ये फॅक्टरीला कुलूप. साठातल्या चाळीस जणींना सुगंधाबाईंनीच हाताला धरून थांबवलं होतं, शहरात जाऊ नका म्हणून. त्यांना आता कुठल्या तोंडानं सांगणार?

निकालाबरोबर पुरावा जोडला होता, एक फोटो. दोन वर्षांमागच्या दसऱ्याचा. धबधब्यापुढं मांडव, हार घातलेलं कुदळ-फावडं, फुटलेला नारळ, मधोमध आमदार आणि मागं फलक, 'घटवणी जलविद्युत प्रकल्प, कामाचा शुभारंभ'. क्रेडिटचा अर्ज त्यानंतर तीन महिन्यांनी केलेला. जरतरचा निष्कर्ष सरळ होता. अर्जाआधीच काम सुरू झालेलं आहे, म्हणजे क्रेडिटवाचून यांचं अडत नव्हतं.

फोटोत आमदारांच्या शेजारी पूजेचं ताट धरून एक मुलगी उभी होती. ती सुगंधाबाईंची लेक नेत्रा.

आणि नेत्रा नोकरीला होती पडताळणी मंडळात.

संध्याकाळी सुगंधाबाईंनी लेकीला फोन लावला. कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तसं त्या 'मी जातो, मी सांगतो' असंच बोलत. पुण्यात राहून नेत्राची बोली बदलली होती.

"आई, मी त्या फाइलबद्दल बोलू शकत नाही. नातेवाइकांची फाइल उघडायची नाही, तिच्यावर बोलायचं नाही, असं लिहून दिलंय मी."

"फाइलचं नगंच बोलू. मी एकच विचारतो. नारळ फुटला म्हंजे काम सुरू झालं, हे त्या यंत्राला शिकवलं कुणी?"

पलीकडून दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"ती यादी छापील आहे, त्यामुळं सांगते," नेत्रा म्हणाली. "मी शिकवलं, आई. तीन वर्षांपूर्वी. काम सुरू झाल्याच्या खुणा काय काय, त्याची यादी मी केली होती. खोदाई यंत्र, सिमेंटची पोती, कार्यादेश... भूमिपूजन."

"घटवणीत जन्मलीस तू. घटवणीत! आन् नारळ फुटला की काम होतंय असं लिवलंस?"

"बाहेरचे तज्ज्ञ होते समोर. त्यांनी विचारलं, तुमच्याकडं काम कसं सुरू होतं? मी सांगितलं, भूमिपूजनानं. तेव्हा ते इतकं साधं वाटलं."

सुगंधाबाईंनी फोन ठेवून दिला. त्यांना लेकीचा भयंकर राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं. नवऱ्यामागं एकटीनं शिकवलेली पोर, नोकरी लागली तेव्हा अख्ख्या गावाला जिलेबी वाटलेली, आणि तिनंच लिहिलेल्या एका ओळीनं गावाचा गळा धरावा?

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरहून शिरगुप्पे आले. संस्थेचा अर्ज यांनीच लिहून दिला होता. गृहस्थ तसे हुशार, केस काळेभोर रंगवलेले, खिशाला तीन पेनं.

"काही घाबरू नका. एकदा अपील करता येतं," ते पंचायतीच्या खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले. "आपण सांगायचं, ती प्रकल्पाची पूजा नव्हतीच. धबधब्यावर देवीचं ठाणं आहे ना? मग देवीची पूजा होती. फलक दुसऱ्या कार्यक्रमाचा, चुकून लागला. सह्या करा, संपला विषय."

सुगंधाबाईंचे दीर दत्तूभाऊजी लगेच खुलले. "झकास! यंत्राला काय कळतंय देवी का टर्बाइन!"

"आणि ताट धरलेली पोरगी कोण म्हणून इचारलं तर?" सुगंधाबाईंनी विचारलं.

शिरगुप्पे हसले. "ती तर घरचीच की. विचारतील तिला. ती म्हणेल, देवीची पूजा होती. आईसाठी एवढं नाही करायची?"

सुगंधाबाईंना ते पटेना. पोरीवर राग होता तो होता, पण तिच्या तोंडात खोटं घालायचं? ती खरं बोलली तर गाव बुडणार, खोटं बोलली तर तिची नोकरी आणि अब्रू. आणि लेक आपल्या शब्दासाठी खोटं बोलेलही, याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

"उद्या सांगतो," म्हणून त्या उठल्या.

डोक्यात राग असला की सुगंधाबाई धुणं काढत. त्या दिवशीही त्यांनी दोन गोधड्या उचलल्या आणि ओढा गाठला. गोधडीवर असे काही दणके घातले की शेजारच्या बाया आपापली बोचकी घेऊन लांब सरकल्या. साबणाचा फेस ओघळला आणि धुण्याच्या दगडावर खाली कोरलेली अक्षरं दिसली. 'जलविद्युत प्रकल्प', मग 'शुभहस्ते', मग अर्धं झिजलेलं नाव आणि साल, दोन हजार सत्तावीस.

वर्षानुवर्षं त्या याच दगडावर धुणं धूत होत्या. ही प्रकल्पाची कोनशिला आहे हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि माहीत असल्यामुळंच कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. सुगंधाबाई क्षणभर थांबल्या आणि मग मोठ्यानं हसत सुटल्या. गोधड्या तशाच ओल्या टाकून त्या गावात निघाल्या.

दत्तूभाऊजींच्या गोठ्याचा उंबरा निघाला दोन हजार एकवीसचा. एसटी थांब्यावर म्हातारी माणसं बसायची ती फळी एका खासदारांच्या हस्ते बसवलेली होती. गिरणीच्या पायरीवर जिल्हा परिषदेचे अध्यक्ष होते, पालथे घातलेले. शूटिंगला आलेल्या एका नटीनंही जाता जाता नारळ फोडला होता. तिची कोनशिला शाळेच्या हौदावर झाकण म्हणून होती. संध्याकाळपर्यंत नऊ दगड सापडले. उरलेल्या दोन पूजांच्या छापील निमंत्रणपत्रिका जुन्या ट्रंकांतून निघाल्या. बावीस वर्षांत एकूण अकरा भूमिपूजनं, एकाच जागी, एकाच प्रकल्पाची. त्यातलं जरतरला फक्त शेवटचं सापडलं होतं, कारण आधीचे फोटो जुन्या फोनांबरोबर मातीत गेले होते.

शिरगुप्पेंना हे फोनवर कळलं तेव्हा ते किंचाळलेच. "बाई, डोकं ठिकाणावर आहे का? एका नारळानं चौऱ्याण्णव झाले! अकरा दाखवलेत तर शंभर होतील! अपील एकदाच आहे, एकदाच!"

तेही खरं होतं. यंत्र कसं डोकं चालवील, कुणी सांगावं? सुगंधाबाईंनी फॅक्टरीत सगळ्या बायांना समोर बसवून दोन्ही वाटा सांगितल्या. "नोकरी तुमची हाय. तुम्ही म्हणाल तसं करतो."

मग सोलणीवरची हौसा म्हणाली, "खोटं बोलून हारलो तर वर तोंडाला काळं. खरं बोलून हारलो तर नुसतंच हारलो. आन् अक्का, ते दगड बघून माझं तर हसून हसून पोट दुखलंय. त्यास्नी बी हसू दे."

पुण्यात सुनावणी सकाळी अकराला होती. मंडळाच्या अध्यक्ष डॉ. विशाखा रणदिवे म्हणजे पांढरे केस, कडक इस्त्रीची साडी आणि नद्यांवर आयुष्य घालवलेली बाई. शेजारी दोन सदस्य. जरतरचा कारभार बघणारा इम्रान पटवेकर आपल्या पडद्यापुढं बसला होता. नेत्रा तिथं नव्हती. नियमच तसा होता.

"तुमचं म्हणणं काय? तो फोटो खोटा आहे?" रणदिवेबाईंनी विचारलं.

"न्हाई बाई, शंभर टक्के खरा हाय," सुगंधाबाई म्हणाल्या. मागं बसलेल्या शिरगुप्पेंनी कपाळाला हात लावला. "काम सुरू करायचंच भूमिपूजन हुतं ते. फलक बी आमचाच. पण बाई, तो अकरावा नारळ हाय. आदले धा तुमच्या यंत्रानं बघितलंच न्हाईत."

आणि त्यांनी एकेक दगड मांडायला सुरुवात केली. दगड म्हणजे दगडांचे फोटो, तारखा, जागा, सोबत पत्रिका. उंबरा आला, गिरणीची पायरी आली. हौदावरची नटी आली तेव्हा एका सदस्यांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड रुमालात घातलं. धुण्याचा दगड आला तेव्हा रणदिवेबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. इम्रान मात्र हसत नव्हता. तो प्रत्येक तारीख आणि जागा भराभर जरतरमध्ये टाकत होता आणि प्रत्येक पूजेनंतरच्या वर्षाचं उपग्रहाचं छायाचित्र शोधत होता.

"तुमचं यंत्र म्हणतंय, नारळ फुटला म्हंजे काम सुरू झालं," सुगंधाबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज चढला होता. "मग आमच्याकडं अकरा बारी काम सुरू झालंय. एवढ्या बारी सुरू झालेलं काम हाय कुठं, ते त्यालाच इचारा. मी बावीस वर्सं शोधतो, मला काय गावलं न्हाई."

पडद्यावर अकरा छायाचित्रं ओळीनं आली. दर वेळी तोच कातळ, तेच पाणी, तीच झाडी. बावीस वर्षांत तिथं एक खड्डासुद्धा पडलेला नव्हता.

"फेरचाचणी घ्या," रणदिवेबाई म्हणाल्या.

फेरचाचणीला चाळीस मिनिटं लागली. सुगंधाबाईंनी पाण्याचा पेला तीनदा उचलला आणि एकदाही प्यायल्या नाहीत. एप्रिलचं कुलूप त्यांना डोळ्यांपुढं दिसत होतं. खोटं बोललो असतो तर आत्तापर्यंत सुटलो असतो का, असंही एकदा मनात येऊन गेलं, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

मग पडद्यावर आकडा उमटला. तीन.

इम्राननं तपशील उघडला आणि वाचायला लागला. "शंभरापैकी तीन जगांत प्रकल्प उभा राहतो. सत्त्याण्णव जगांत राहत नाही." तो अडखळला, आणि इतका वेळ गंभीर बसलेला तो माणूस खो खो हसायला लागला. "बाई, त्या सत्त्याण्णव जगांतल्या एक्क्याऐंशी जगांत... बारावं भूमिपूजन होतंय!"

मग मात्र सभागृहाची शिस्त पार गेली. रणदिवेबाई टेबलावर हात आपटून हसत होत्या. शिरगुप्पे उभं राहून टाळ्या वाजवत होते, जसं काही सगळं त्यांनीच सुचवलं होतं. सुगंधाबाई मात्र रडत होत्या, अगदी हमसून, पदर तोंडाला लावून.

अर्ज मंजूर झाल्याचा शिक्का पडला तशी फाइल बंद झाली, आणि फाइल बंद झाली तशी जिन्यात वाट बघणारी नेत्रा धावत आली. आईसमोर येऊन मात्र थबकली.

"आई, मी परवाच मंडळाला पत्र दिलंय. माझी यादी चुकीची आहे, हे नोकरीवर पाणी सोडून लिहून दिलंय. पण तुझा निकाल लागेपर्यंत पाकीट उघडू नका म्हटलं. नाहीतर लोक म्हणाले असते, लेकीनं आईसाठी नियम वाकवला."

"चुकलीसच तू," सुगंधाबाई म्हणाल्या. "मला लई राग आला हुता. अजून थोडा हाय." मग त्यांनी लेकीला जवळ ओढलं. "पण मला न सांगता, माझ्यासाठी काय न मागता, एकटीनं लिवलंस ते. तेवढं बघून माझी छाती फुगली बघ."

नेत्राची नोकरी गेली नाही. रणदिवेबाईंनी पाकीट उघडलं आणि तिलाच कामाला लावलं. भूमिपूजनाच्या खुणेवर नापास झालेल्या सगळ्या छोट्या प्रकल्पांची फेरचाचणी करायची, आणि नवी यादी शहरात बसून नव्हे, गावोगाव फिरून करायची. जरतरच्या नव्या आवृत्तीत नारळाला शून्य गुण होते. धरणवाल्या बड्यांची मात्र त्यामुळं सुटका झाली नाही. त्यांच्याकडं नारळामागं खोदाई यंत्रंही उभी असत आणि ती उपग्रहाला छान दिसत.

मार्च संपायच्या आत उंबरधोंडीच्या पाइपातून पाणी खाली आलं आणि टर्बाइन फिरलं. एप्रिलच्या एक तारखेला डिझेलचं जनित्र भंगारात गेलं. जुलैत घाटातली लाइन नेहमीप्रमाणं पडली, आणि सगळ्या तालुक्यात अंधार असताना घटवणीची फॅक्टरी दोन पाळ्यांत चालू होती. साठाच्या आता पंच्याऐंशी बाया झाल्या होत्या.

अशाच एका भर पावसाच्या दुपारी सुगंधाबाईंचा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. हल्ली असे फोन सारखे यायचे. कधी मेळघाटातून, कधी जव्हारहून.

"घटवणीच्या अक्का का?" पलीकडून एक बाई बिचकत बोलत होती. "मी धडगावकडून बोलते, सातपुड्यातून. आमचा झऱ्यावरचा प्रकल्प नापास झाला होता. आता फेरचाचणी आहे म्हणतात. नेत्राताई म्हणाल्या, तुमच्याशी बोला. आम्हाला भीती वाटते, अक्का. आमच्याकडं भूमिपूजनं फार झालीत. सांगायलाही लाज वाटते."

"लाजू नगा. किती?"

"चौदा."

सुगंधाबाई ताडकन उभ्या राहिल्या. "चौदा!" त्या सगळ्या फॅक्टरीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, आणि पंच्याऐंशी बायांनी माना वर केल्या. "अगं बाई, चौदा! काय भितीस? मग तुझं काम झालंच म्हणून समज!"